द्वारका चौकातली कोंडी आणि गंगापूर धरणाचे दरवाजे

नाशिकरोडहून पुणे रस्त्याने शहरात येताना संध्याकाळी साडेसहाला द्वारका लागली, की गाडीचा पहिला गिअरही जास्त वाटायला लागतो. मुंबई-आग्रा महामार्ग, पुण्याचा रस्ता आणि सारडा सर्कलकडून जुन्या नाशकात जाणारा रस्ता इथे एकमेकांत घुसतात. डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून ट्रक सुसाट निघून जातात. खाली रिक्षा, सिटीलिंकची बस, भाजीचा टेम्पो आणि शंभरेक दुचाकी त्याच दहा फुटांसाठी ताटकळत असतात.

मी वाहतूक अभियांत्रिकी शिकवतो. त्यामुळे लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही एकच प्रश्न समोर येतो: "सर, एवढा मोठा पूल झाला, रस्ते रुंद झाले, तरी कोंडी होते कशी?" २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, नव्या रस्त्यांच्या, पुलांच्या आणि रिंग रोडच्या बातम्या रोज छापून येतात, तसा हा प्रश्नही जास्त ऐकू येतो. उत्तर समजायला कठीण नाही. पण आपल्या मनातल्या अंदाजाच्या ते अगदी उलट आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

## दुतोंड्या मारुती काय मोजतो

पावसाळ्यात आपण नाशिककर दोन गोष्टी विचारतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं? आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? पहिला आकडा प्रवाहाचा आहे, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी पुढे जातंय. दुसरा पात्र किती भरलंय ते सांगतो.

रस्त्याचीही हीच दोन मापं आहेत. नाक्यावर उभं राहून तासाभरात समोरून गेलेल्या गाड्या मोजल्या, तर तो झाला प्रवाह. वरून फोटो काढून एका किलोमीटरच्या पट्ट्यात त्या क्षणी किती गाड्या आहेत हे मोजलं, तर ती झाली घनता. तिसरी गोष्ट वेग. तिघांचं नातं साधं आहे: घनतेला वेगाने गुणलं की प्रवाह मिळतो. किलोमीटरभरात ३० गाड्या असतील आणि प्रत्येक ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर तासाला १,२०० गाड्या पुढे सरकतात.

आता नदी आणि रस्ता यांच्यातला फरक बघा. मारुतीच्या कमरेला पाणी असताना होळकर पुलाखालून जेवढं पाणी जातं, त्याहून जास्त ते छातीला लागल्यावर जातं. पातळी वाढली की प्रवाह वाढतो. रस्त्यावर हे फक्त एका मर्यादेपर्यंत खरं आहे. ती ओलांडली की रस्ता जितका जास्त भरतो, तितका तो कमी वाहतो. कारण पाणी पुढच्या थेंबाला बघून ब्रेक मारत नाही. माणूस मारतो, आणि मारायलाच हवा.

## तीस गाड्या आणि एकशेवीस गाड्या

१९३० च्या दशकात ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने ओहायो राज्यात रस्त्याकडेला कॅमेरा लावला आणि ठरावीक वेळाने फोटो काढत गाड्यांचा वेग आणि त्यांची दाटी मोजली. दाटी वाढते तसा वेग साधारण सरळ रेषेत उतरतो, हे त्याने मांडलं. नंतर यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण समजून घ्यायला अजूनही हेच सर्वांत सोपं आहे.

एक लेन घेऊ. रस्ता मोकळा असताना वेग ताशी ४८ किलोमीटर, आणि बंपरला बंपर लागून सगळं ठप्प झालं तर किलोमीटरभरात १५० गाड्या, असं धरू. ३० गाड्या असताना वेग पडतो ३८.४, म्हणजे तासाला १,१५२ गाड्या पुढे जातात. ७५ गाड्या झाल्या की वेग उतरून २४ वर येतो, पण प्रवाह १,८०० होतो. यापेक्षा जास्त हा रस्ता देऊच शकत नाही. याला रस्त्याची क्षमता म्हणतात.

आता १२० गाड्या आत घुसवा. वेग ९.६. प्रवाह? पुन्हा १,१५२.

हा आकडा मी वर्गात फळ्यावर तसाच ठेवतो आणि मुलांना थोडा वेळ बघू देतो. ३० गाड्या असतानाही तासाला १,१५२ माणसं पोचतात आणि १२० गाड्या असतानाही तेवढीच. फरक एवढाच, की पहिल्या स्थितीत एक किलोमीटर पार करायला दीड मिनिट लागतं आणि दुसऱ्या स्थितीत सव्वासहा. रस्ता तोच, रुंदी तीच, पोचणारे तेवढेच. आपण फक्त चौपट गाड्या रस्त्यावर उभ्या करून ठेवल्या.

म्हणून कोंडीचा उपाय शोधताना "रस्ता किती रुंद आहे?" याच्या आधी "आत्ता यात किती गाड्या आहेत, आणि त्या ७५ च्या अलीकडे ठेवता येतील का?" असं विचारावं लागतं.

## कोंडी मागे मागे कशी सरकते

त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे माहीत आहे. पुढे रांग हलते, पण तुमच्यापर्यंत ती हालचाल यायला वेळ लागतो. पुढचा सरकतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. माणसं पुढे जात असतात आणि "सरकणं" मागे येत असतं. थांबण्याचंही तसंच.

१९५५ मध्ये जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या ब्रिटिश गणितज्ञांनी वाहतुकीला हेच गणित लावलं. दोघे द्रवांच्या प्रवाहाचे अभ्यासक. नदीतला पुराचा लोंढा जसा पुढे जातो, तसा गाड्यांच्या दाटीचा लोंढाही रस्त्यावरून प्रवास करतो, आणि दाटी पुरेशी असली की तो उलट्या दिशेने जातो, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी पॉल रिचर्ड्स या अमेरिकन संशोधकाने स्वतंत्रपणे तेच मांडलं.

मुंबई नाक्यावर एका बसने लेनच्या मध्यात वीस सेकंद थांबून माणसं उतरवली. बस निघून गेली. पण त्या वीस सेकंदांची लाट मागे सरकत राहते, आणि बराच मागे असलेला माणूस पाच मिनिटांनी थांबतो तेव्हा त्याला पुढे काहीच दिसत नाही. "उगाचच जाम होता," असं तो घरी सांगतो. उगाच नव्हता. त्याचं कारण तो पोचण्याआधीच निघून गेलं होतं.

जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहून पुढचं सांगतो. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या ठेवल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी साधारण ३० किलोमीटरने सारख्या वेगाने चालवत राहा. चौक नाही, सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवं येणारं कोणी नाही. थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि गाड्यांच्या उलट दिशेने वर्तुळात फिरू लागली. कोणाचाही दोष नव्हता. एकाचा पाय ब्रेकवर जरा लवकर पडला, मागच्याचा जरा जास्त, त्याच्या मागच्याचा आणखी जास्त. दाटी मर्यादेपलीकडे गेली की एवढंही पुरतं.

"लोकांना शिस्तच नाही, म्हणून कोंडी होते" याला माझं अर्धं उत्तर इथेच आहे. शिस्त हवीच, अपघात टाळण्यासाठी तर हवीच हवी. पण शिस्तीत चालणाऱ्या २२ गाड्याही अडकतात.

## खरा हिशेब चौकात होतो

आतापर्यंतचं सगळं सरळ रस्त्याबद्दल होतं. शहरात रस्ता सरळ कुठे असतो? दर चार-पाचशे मीटरवर चौक. चौकात एकच जागा चार दिशांना वाटून द्यायची असते, म्हणून शहराची क्षमता तिथे ठरते. मधल्या रस्त्याची रुंदी त्यानंतर येते.

इथे एक शब्द समजून घेऊ: पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. आपल्या रस्त्यावर सायकलपासून ट्रेलरपर्यंत सगळं असतं, ते एका मापात आणण्यासाठी एक मोटार म्हणजे एक पीसीयू धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी दिलेल्या आकड्यांत दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, आणि बस किंवा ट्रक २.२ ते ३.७ आहे. त्या वाहनाचं रस्त्यावरचं प्रमाण जास्त असेल तर मोठा आकडा घ्यायचा. रिक्षाला मोटारीपेक्षा जास्त वजन कशाला, असं पुष्कळांना वाटतं. ती मध्येच थांबते, वळते, सावकाश उचलते, म्हणून.

सिग्नल सुटल्यावर किती गाड्या निघतील याचं आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलेलं ढोबळ सूत्र आहे: चौकाच्या तोंडाशी रस्ता जितके मीटर रुंद, त्याला ५२५ ने गुणा. ७ मीटर रुंद तोंड असेल तर सलग हिरवा दिवा दिल्यास तासाला ३,६७५ पीसीयू. पण हिरवा सलग मिळत नाही. १२० सेकंदांच्या फेऱ्यात ३० सेकंद मिळाला तर चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ९१९.

आता त्याच तोंडाशी, झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे, प्रवासी घ्यायला दोन रिक्षा लागल्या आणि एक हातगाडी उभी राहिली. दीड मीटर गेलं, उरलं साडेपाच. हिशेब करा: ७२२. तासाला जवळजवळ २०० मोटारींएवढी क्षमता दीड मीटरमध्ये गेली.

मागचा अर्धा किलोमीटर सहापदरी केला तरी हे २०० परत येणार नाहीत. बाटली मोठी केली, तोंड तेवढंच ठेवलं. मला विचाराल तर नाशिकमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे: प्रत्येक मोठ्या चौकाच्या चारही तोंडांना पन्नास मीटर मोकळं ठेवणं. रिक्षाथांबा, बसथांबा, फुलवाला, पार्किंग, सगळं त्या पन्नास मीटरच्या मागे. यात त्या माणसांना हाकलायचं नाहीये. रिक्षावाल्याला प्रवासी चौकातच मिळतो, म्हणून तो तिथे उभा राहतो. त्याला पन्नास मीटर मागे रंगवलेली, प्रवाशांना सहज सापडणारी जागा दिली तर तो तिथे उभा राहील. ती न देता रोज दंड करत राहणं हे रिक्षावाल्यावरही अन्याय करणारं आहे आणि वाहतूक पोलिसावरही.

फेरा किती लांबीचा असावा, यावरही वाद होतात. "हिरवा जरा जास्त ठेवा ना!" दिशा बदलताना दर वेळी काही सेकंद वाया जातात: पिवळा दिवा, चौक रिकामा होणं, पहिल्या गाडीने हलणं. चार दिशा, प्रत्येकी चार सेकंद धरले तर फेऱ्यात १६. साठ सेकंदांच्या फेऱ्यात कामाचे ४४ उरतात, म्हणजे ७३ टक्के. १२० मध्ये ८७ टक्के. १८० मध्ये ९१. म्हणजे १२० वरून १८० वर नेल्यावर चारच टक्के जास्त मिळतात, आणि लाल दिव्यासमोरची रांग मात्र दीडपट होते. ती रांग मागच्या चौकात शिरली की नवाच प्रश्न उभा राहतो.

अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड डोळ्यांसमोर आणा. मध्ये मेहरचा चौक, मध्ये सीबीएसचा चौक. सीबीएसची रांग मेहरपर्यंत पोचली, तर मेहरला हिरवा मिळूनही गाड्या हलत नाहीत, आणि ज्यांना सीबीएसला जायचंच नाही तेही अडकतात. म्हणून अशा रस्त्यावरचे सिग्नल एकमेकांशी बोलायला हवेत. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि गाड्या ताशी ३० ने येत असतील, तर पहिल्याच्या हिरव्यानंतर ४८ सेकंदांनी दुसरा हिरवा व्हावा. मग गाड्यांचा जथा न थांबता निघून जातो. एकट्याने उत्तम चालणारे चार सिग्नल मिळून वाईट चालू शकतात, हे लोकांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो.

## "सिग्नल बंद असतो तेव्हाच बरं चालतं"

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते खोटं नाही. दुपारी अडीच वाजता किंवा रात्री अकराला गाड्या कमी असतात, आडव्या वाहतुकीत फटी असतात, आणि आपण त्या फटीतून निघून जातो. तेव्हा लाल दिव्यापाशी थांबणं खरोखर वेळ घालवणं असतं. अशा वेळी फेरा छोटा ठेवावा किंवा पिवळा लुकलुकता ठेवावा.

साडेसहाला फटी संपतात. मग प्रत्येक जण थोडं पुढे नाक खुपसतो. चार बाजूंच्या रांगा गोफासारख्या एकमेकींत विणल्या जातात. गोफ विणणारे उलटे फेर धरून तो सोडवतात. इथे मागे गाड्या लागलेल्या असतात, उलटं जाता येत नाही. एक पोलिस मधोमध उभा राहून एकेक धागा हाताने काढतो, तेव्हा कुठे चौक मोकळा होतो.

शिस्तीबद्दलचं माझं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. हजार नियमांपैकी एकच पाळला जावा असं म्हणायची वेळ आली, तर मी हा निवडेन: चौकाच्या पलीकडे आपल्या गाडीला जागा दिसत नसेल, तर हिरवा असला तरी चौकात शिरू नये. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्यावा.

## "नवा रस्ता झाला की गर्दी वाटली जाईलच ना?"

नेहमीच नाही. याची दोन कारणं आहेत.

पहिलं समजायला सोपं आहे. रस्ता मोकळा झाला की आधी न निघणारी माणसं निघतात. जो बसने जात होता तो मोटार काढतो, जो आठला निघत होता तो नऊला निघतो, रस्त्याच्या टोकाला नवी वसाहत उभी राहते. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे लिहून ठेवलं होतं: गर्दीच्या वेळी मोठा रस्ता पुन्हा भरेपर्यंत वाहतूक वाढत जाते. आपल्या महामार्गावरच्या उड्डाणपुलाने शहराशी संबंध नसलेली वाहतूक वर उचलली, हे मोठं काम झालं. पण इंदिरानगरहून शहरात येणारा, द्वारकेवरून नाशिकरोडला जाणारा माणूस खालीच राहिला, आणि त्याची संख्या वाढत गेली. पुलाकडून जे होणार नव्हतं, त्याची अपेक्षा आपण केली.

दुसरं कारण चमत्कारिक वाटेल. समजा, नदीच्या एका बाजूच्या वस्तीतून दुसऱ्या बाजूच्या कारखान्यांकडे सकाळी ४,००० गाड्या जातात. वाटा दोन. पहिलीवर आधी अरुंद पूल आणि मग बाहेरचा लांब रुंद रस्ता. दुसरीवर आधी तसाच लांब रुंद रस्ता आणि मग अरुंद बाजारपेठ. रुंद रस्त्याला कितीही गाड्या असोत, ४५ मिनिटं लागतात. अरुंद भागाला दर १०० गाड्यांमागे एक मिनिट. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या, तर २,००० गाड्यांचे २० आणि वर ४५, प्रत्येकाला ६५ मिनिटं.

आता महापालिकेने पुलाच्या टोकापासून बाजारपेठेच्या तोंडापर्यंत एक छोटा जोडरस्ता काढला. तो ओलांडायला वेळच लागत नाही असं धरा. प्रत्येक जण विचार करतो: अरुंद भागात सगळे आले तरी ४० मिनिटं लागतील, रुंद रस्त्याच्या ४५ पेक्षा कमीच. मग पूल, जोडरस्ता, बाजारपेठ, असंच जाऊ. सगळेच असा विचार करतात. ४० अधिक ४०, झाली ८० मिनिटं. जुन्या वाटेला एकटा परत गेला तर त्याला ८५ लागतात, म्हणून कोणी परत जात नाही. नवा रस्ता बांधून प्रत्येकाचा तासाहून लांब प्रवास आणखी पंधरा मिनिटांनी वाढला.

हे गणित डिट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये मांडलं. त्याच्या मुळाशी ब्रिटिश संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांचं १९५२ चं निरीक्षण आहे: प्रत्येक जण स्वतःचा वेळ वाचवायला वाट निवडत गेला, की शेवटी अशी स्थिती येते जिथे एकट्याने वाट बदलून कोणालाच फायदा होत नाही. ती स्थिती सगळ्यांसाठी मिळून सर्वांत चांगली असेलच असं नाही. मोबाइलवरचा नकाशा प्रत्येकाला तीच गल्ली दाखवतो, तेव्हा आपण हेच करत असतो.

प्रत्येक नवा रस्ता असाच फसतो, असं मला म्हणायचं नाही. रिंग रोड हवाच, कारण ज्याला शहरात यायचं नाही त्याला शहराबाहेरून नेणं हा निव्वळ फायदा आहे. पण जुन्या गावठाणाच्या पोटात उघडणारा प्रत्येक जोडरस्ता आधी संगणकावर चालवून बघावा. आणि उलटही घडतं. सोल शहरात चोंग्येचॉन ओढ्यावरचा वर्दळीचा उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. मधल्या काळात बससेवेची घडी नव्याने बसवली. रस्ता पाडल्यावर शहर ठप्प होईल, अशी भीती होती. तसं झालं नाही.

## "ही परदेशी मॉडेल आपल्या रस्त्यावर चालतात का?"

जशीच्या तशी चालत नाहीत. मॉडेल म्हणजे रस्त्याची संगणकावरची नक्कल. १९९२ मध्ये दोन जर्मन संशोधकांनी मांडलेलं एक मॉडेल सारीपाटासारखं आहे: रस्ता म्हणजे ओळीतली घरं, एका घरात एकच गाडी. दर चालीला पुढची घरं रिकामी असतील तर वेग वाढवा, नसतील तर कमी करा, आणि अधूनमधून उगाच थोडा कमी करा, कारण माणूस असाच चालवतो. एवढ्या नियमांतून खऱ्यासारखी कोंडी पडद्यावर उभी राहते.

पण आपल्या दुचाक्या ओळीत राहत नाहीत. सिग्नलला त्या फटीफटीतून पुढे झिरपतात आणि हिरवा होताच पहिल्या निघतात. म्हणून इथले संशोधक लेनमधल्या गाड्या मोजण्याऐवजी रस्त्याचं किती क्षेत्रफळ वाहनांनी व्यापलंय हे मोजतात. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांसाठी वेगळी क्षमता-पुस्तिकाही तयार केली आहे. मॉडेल कुठल्याही देशातलं असो, त्याला नाशिकचे आकडे खाऊ घालावे लागतात: सातपूर-अंबडची पाळी सुटण्याच्या वेळा, पंचवटीतल्या बाजार समितीकडे येणारे पहाटेचे टेम्पो, शाळा सुटल्यावरचा गंगापूर रोड. हे मोजण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडतं.

## धरणाचे दरवाजे

आता पुन्हा गंगापूर धरणाकडे जाऊ. पाणलोटात मोठा पाऊस झाला की धरणवाले सगळं पाणी एकदम सोडत नाहीत. शहराला झेपेल तेवढं सोडतात, बाकीचं वर धरून ठेवतात. वाट बघायची जागा धरण आहे, रामकुंड नाही.

रस्त्यांच्या जाळ्यालाही एकच मिळून मर्यादा असते, हे २००८ मध्ये जपानच्या योकोहामा शहरातल्या मोजणीतून दिसलं. निकोलस गेरोलिमिनिस आणि कार्लोस डगान्झो या संशोधकांनी रस्त्यातले सेन्सर आणि टॅक्सींची माहिती एकत्र करून बघितली. एकेका रस्त्याचे आकडे विस्कळीत होते, पण पूर्ण भागाचे मिळून घेतल्यावर सुरेख कमान उमटली: भागात गाड्या वाढतात तसं पोचणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, शिखर गाठतं, आणि मग उतरतं. फळ्यावरच्या ७५ गाड्यांसारखाच एक आकडा सगळ्या गावठाणालाही असतो.

तो सापडला की उपाय सुचतो. रविवार कारंजा, शालिमार, मेन रोड हा भाग भरत आला, की त्याच्या वेशीवरच्या सिग्नलांचा आत जाणारा हिरवा काही सेकंदांनी कमी करायचा, बाहेर पडणारा वाढवायचा. झुरिचमध्ये असे सिग्नल कित्येक वर्षं आहेत, आणि तिथे ट्राम-बसला मात्र अडवत नाहीत.

"म्हणजे पेठ रोडवरून, दिंडोरी रोडवरून येणाऱ्याने उन्हात थांबायचं आणि आतल्याने मजा करायची?" हा आक्षेप मला गंभीर वाटतो. हिशेबाने बघितलं तर वेशीवर पाच मिनिटं थांबलेला माणूस आत दहा मिनिटं वाचवतो, म्हणजे त्याचाही फायदाच आहे. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा वेशीवर रांगेला जागा असते, ती रांग दुसऱ्या कोणाचा चौक अडवत नाही, आणि थांबायचं नसेल त्याला दुसरा मार्ग असतो. तो मार्ग म्हणजे बस. चाळीस प्रवाशांची बस फार तर ३.७ पीसीयू. तेच चाळीस जण मोटारीत दीड-दीड बसून निघाले तर सत्तावीस मोटारी. त्यामुळे वेशीवर बसला वेगळी वाट काढून देणं हा या योजनेचा कणा आहे. सिटीलिंक जुलै २०२१ पासून धावतेय. ती त्याच कोंडीत मोटारींच्या मागे उभी राहत असेल, तर मोटारवाल्याने तिच्यात का बसावं?

सगळ्यांना बसमध्ये बसवायचीही गरज नाही. शिखराच्या जवळ थोडा फरक खूप मोठा ठरतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहराच्या मध्यभागात येण्याजाण्यावर शुल्क लावून बघितलं. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या, आणि रांगांमधला वेळ त्याहून जास्त प्रमाणात घटला. नाशकात असं शुल्क लावा, असं मी म्हणत नाही. पाचातली एक गाडी कमी झाली तरी शहर वेगळं दिसतं, एवढं त्यातून घ्यावं.

## सिंहस्थात

आतापर्यंत गाड्यांबद्दल बोललो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये अमृत स्नानांच्या दिवशी हेच गणित माणसांना लागू होईल, आणि तिथे चूक मिनिटांत मोजली जात नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. नाशकात त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे.

गर्दीचीही कमान असते. दाटी वाढते तसा ओघ आधी वाढतो, मग थांबतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की कोणी स्वतःच्या पायाने चालत नसतं, गर्दीच हलवते. मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नाही आणि ते चालत राहतात, कारण थांबण्याची लाट त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. त्या क्षणी पुढे उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात काही उरत नाही. जे करायचं ते दोन किलोमीटर मागे, अर्धा तास आधी करावं लागतं.

म्हणून २०१५ च्या सिंहस्थासारखे बाहेरचे वाहनतळ, तिथून एसटी, मग टप्प्याटप्प्याने पायी, ही रचना तत्त्वतः बरोबरच आहे. तेव्हा भाविकांना फार चालावं लागलं, ही तक्रारही खरी होती. अडवण्याची जागा आणि अडवलेल्या माणसाची सोय, दोन्ही मिळून दरवाजा होतो. आडगाव असो की पेठ रोड, जिथे लोंढा थांबवायचा तिथे रुंद मैदान हवं, सावली, पाणी आणि शौचालय हवं, म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाक हवा. आणि समोर मोठ्या अक्षरांत फलक हवा: रामकुंडाकडे पुढचा जथा इतक्या मिनिटांनी. तो आकडा खरा असला पाहिजे. एकदा तो खोटा निघाला की पुढच्या बॅरिकेडपाशी कोणी थांबणार नाही.